माहेरचे नाव आणि टाकलेले नाव

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या चरित्रकोशासाठी माहिती गोळा करणाऱ्या गटांच्या बैठकीत केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सकाळपासून आपण तारखा कशा तपासायच्या, फोटो कुणाकडून मागायचे, संस्थांची नावं कशी लिहायची यावर बोललो. माझ्या वाट्याला आला आहे फक्त एक रकाना. आपल्या माहितीपत्रकातला तिसरा : 'पूर्वीचे नाव'. एका रकान्यावर अर्धा तास काय बोलायचं, असं आधी मलाही वाटलं होतं.

गेल्या महिन्यात जी पत्रकं भरून आली त्यात एक पत्रक एका ट्रान्स स्त्रीचं होतं. वस्तीत आरोग्याचं काम करणारी, आपल्या मोर्च्यांना येणारी, बऱ्याचजणींच्या ओळखीची. तिनं सगळे रकाने नीट भरले होते, तिसरा मात्र कोरा ठेवला होता. तो आपल्यातल्याच एका मैत्रिणीनं भरला. जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यातून तिनं एक कात्रण शोधलं. एका आंदोलनात पकडलेल्यांची यादी होती, तीत या बाईंचं जुनं नाव होतं. ते कात्रण पत्रकाला टाचलं आणि वर लाल शाईनं लिहिलं, 'खरे नाव'.

मैत्रीण इथे बसलेली आहे. तिला विचारूनच हे सांगते आहे. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. कोशाचं काम करणाऱ्या माणसाला कोरा रकाना सोसत नाही. मलाही सोसत नाही. तिच्या जागी मी असते तर दहा वर्षांपूर्वी मीही हेच केलं असतं, आणि वर शाबासकीची अपेक्षा धरली असती.

आधी हा रकाना आला कुठून ते आठवू या, कारण तो आपण भांडून मिळवलेला आहे. महाराष्ट्रात लग्न झालं की बाईचं नुसतं आडनाव बदलत नाही. ताटात तांदूळ पसरायचे, त्यावर सोन्याच्या अंगठीनं नवऱ्यानं नवं नाव लिहायचं, की झालं. कल्याणची यमुना गोपाळराव जोशींच्या घरी आनंदी झाली, आणि १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर झाली ती आनंदीबाई जोशी म्हणून. देवराष्ट्र्याची यमुना कुर्लेकर रानड्यांच्या घरी रमाबाई झाली. गोखल्यांची मनू लक्ष्मीबाई टिळक झाली. दोन यमुना आणि एक मनू, तिघींनाही कुणी विचारलं नव्हतं. जुने चरित्रग्रंथ उघडले की बाईची ओळख 'अमक्यांच्या पत्नी' अशी सुरू व्हायची. जन्माचं नाव असलंच तर कंसात. म्हणून आपण म्हटलं, आमच्या कोशात माहेरचं नाव लिहायचंच. तिच्याकडून काढून घेतलेलं तिला परत द्यायचं. हे आपण बरोबर केलं.

पण हाच रकाना ट्रान्स स्त्रीच्या पुढ्यात ठेवला की त्याचा अर्थ उलटा होतो. तिचं जुनं नाव कुणी काढून घेतलेलं नाही. ते तिनं स्वतः उतरवून ठेवलं आहे, बहुतेक वेळा घर, शाळा, नोकरी, आईबाप यांची किंमत मोजून. यमुनेचं नाव छापलं की ते परत दिलं जातं. हिचं छापलं की ते पुन्हा हिच्या गळ्यात बांधलं जातं. रकाना एकच आहे, म्हणून आपण फसतो.

इंग्रजीत अशा नावाला 'डेडनेम' म्हणतात, म्हणजे मेलेलं नाव. मला मराठीत 'टाकलेलं नाव' बरं वाटतं. परित्यक्तांच्या प्रश्नावर काम करताना 'टाकलेली' हा शब्द आपण शेकडो वेळा ऐकला आहे. तिथे टाकणारा नवरा असायचा. इथे टाकणारी ती आहे, आणि टाकलं आहे ते नाव.

आता 'खरे नाव' या दोन शब्दांकडे येते. खरं नाव म्हणजे कुठलं? पाळण्यात ठेवलेलं? तसं असेल तर या खोलीतल्या निम्म्याजणी खोट्या नावानं सह्या करून आत आल्या आहेत. कोशांना हा प्रश्न नवीनही नाही. गाडगे महाराजांची नोंद 'गाडगे महाराज' म्हणूनच असते. डेबूजी झिंगराजी जाणोरकर हे नाव नोंदीच्या आत एकदा येतं, आणि तिथे 'मूळ नाव' असतं, नाही तर संन्याशांच्या बाबतीत 'पूर्वाश्रमीचे नाव'. संन्याशाला त्याचा पूर्वाश्रम विचारू नये, असा आपल्याकडे रिवाजच आहे. बाबाला दिलेला हा मान आपण हिजडा समाजात गुरूकडून नाव घेतलेल्या व्यक्तीला देत नाही. तिला रिक्षावालाही विचारतो, 'खरं नाव काय गं?' आपली लाल शाई त्याच आवाजात बोलते.

आडनावाचंही असंच. आपल्याकडे आडनाव विचारणं म्हणजे पुष्कळदा जात विचारणं. जात कळू नये, भाड्यानं खोली मिळावी, म्हणून आडनाव बदललेली माणसं आपण पाहिली आहेत. त्यांची नोंद करताना 'मूळचे अमुक' असं लिहायला आपली लेखणी अडखळते, आणि ती अडखळावीच. मग इथे का अडखळत नाही?

आपल्या समुपदेशन केंद्राचा पहिला नियम काय? घर सोडून आलेल्या बाईचा पत्ता कुणालाही सांगायचा नाही. फोनवर भाऊ असो, पोलीस असो की 'मी तिची मावशी' म्हणणारी कुणी. टाकलेलं नाव हा तसाच एक पत्ता आहे. त्यावरून मारणारा भाऊ माग काढत येऊ शकतो. घरमालकाला आजवर न कळलेलं कळू शकतं. शिवाय कोश आता ग्रंथालयाच्या कपाटात राहत नाही. कुणी पानाचा फोटो काढतो, तो फोनवरून फिरतो, आणि आपण दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करेपर्यंत तो गावात पोचलेला असतो.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण नाव आणि काम यांची कशी ताटातूट होते ते त्यात दिसतं. लिन कॉनवे ही अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ, जन्म १९३८. १९६०च्या दशकात ती आयबीएममध्ये होती. संगणकाला एकामागून एक अशा ठरलेल्या क्रमातच सूचना न पाळता, एका वेळी अनेक सूचना क्रम बदलून पार पाडता याव्यात, यावर तिनं तिथे महत्त्वाचं काम केलं. १९६८ साली, स्त्री म्हणून जगण्यासाठी आपण उपचार घेत आहोत हे कळल्यावर कंपनीनं तिला काढून टाकलं. तिनं नवं नाव घेतलं आणि पहिल्या पायरीपासून, कंत्राटी प्रोग्रॅमर म्हणून, सुरुवात केली. मागचा अनुभव सांगायची सोय नव्हती, कारण तो सांगायचा तर जुनं नाव सांगावं लागलं असतं. १९७३ साली ती झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात गेली. कार्व्हर मीड यांच्याबरोबर तिनं लिहिलेलं 'इंट्रोडक्शन टू व्हीएलएसआय सिस्टिम्स' हे पाठ्यपुस्तक १९८० साली आलं, आणि एका चिपवर हजारो घटक कसे मांडायचे हे जगभरची मुलं त्यातून शिकली.

म्हणजे नोंदींच्या जगात दोन माणसं होती. एक, आयबीएममध्ये चमकून अचानक नाहीसा झालेला कुणी. दुसरी, कुठून आली ते कुणालाच माहीत नसलेली लिन कॉनवे. आपलंच काम आपलं म्हणायला तिला तीस वर्षं थांबावं लागलं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्या जुन्या प्रकल्पाचा इतिहास कुणी अभ्यासू लागलं. आता हे बाहेर येणारच, असं दिसल्यावर तिनं आपली गोष्ट स्वतः सांगायला घेतली. आयबीएमनं तिची माफी मागितली ती २०२० साली, बावन्न वर्षांनी. २०२४ साली ती वारली.

ही गोष्ट ऐकून कुणी म्हणेल, बघा, जुनं नाव छापलं असतं तर श्रेय आधीच मिळालं असतं! नाही. जुनं नाव छापलं गेलं असतं तर १९७०च्या दशकात तिची दुसरी नोकरीही गेली असती, आणि ते पाठ्यपुस्तक लिहिलंच गेलं नसतं. आज लिन कॉनवे या नावाखाली दोन्ही कामं एकत्र लिहिता येतात, आणि त्यासाठी जुन्या नावाची गरज पडत नाही. मी आत्ता ते न उच्चारताच तिची सगळी गोष्ट सांगितली. तुमचं काही अडलं का?

विज्ञानाच्या नियतकालिकांतही हा पेच होता. २० वर्षांपूर्वीच्या निबंधावर जुनं नाव असलं, तर नोकरीसाठी निबंधांची यादी देतानाच सगळं उघड व्हायचं. २०१९-२० पासून मोठ्या प्रकाशकांनी एकामागून एक सोय केली. लेखकानं मागितलं तर जुन्या निबंधावरचं नाव, जाहीर दुरुस्तीपत्रक न काढता, बदलून मिळतं. ही मागणी ट्रान्स संशोधकांनी लावून धरली. पण पुष्कळ ठिकाणी सोय सगळ्यांसाठी आहे, त्यामुळे घटस्फोटानंतर नाव बदललेल्या बायकांनाही तिचा उपयोग होतो. त्या भांडल्या आणि फायदा आपल्यालाही झाला, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

काही जण स्वतःच जुन्या आयुष्याबद्दल बोलतात. बेन बॅरेस हे मज्जासंस्थेचे संशोधक. वयाच्या चाळिशीत ते पुरुष म्हणून जगू लागले. २००६ साली त्यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की एका व्याख्यानानंतर कुणीतरी म्हणालं, बॅरेसचं काम त्याच्या बहिणीपेक्षा कितीतरी सरस आहे. ती 'बहीण' म्हणजे ते स्वतःच होते! विज्ञानात बायकांना कसं जोखतात याचा इतका बिनतोड पुरावा दुसरा मिळणार नाही. पण तो त्यांनी स्वतः दिला. आपल्याकडेही काही ट्रान्स कार्यकर्त्या मुलाखतींतून बालपणीच्या नावासकट सगळं सांगतात. ते सांगणं त्यांचं आहे. त्यांनी एकदा सांगितलं म्हणून आपल्याला कायमचा परवाना मिळत नाही, आणि त्यांच्यावरून दुसरीला 'मग तुलाच काय अडचण?' असंही विचारता येत नाही.

आता असं उदाहरण घेते की जिथे जुनं नाव द्यावंच लागतं. १९५३ साली एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी लंडनच्या 'टाइम्स'ला पोचवणारा मोहिमेतला बातमीदार पुढे जॅन मॉरिस या नावानं प्रसिद्ध लेखिका झाली. १९५८ सालचं एव्हरेस्टवरचं पुस्तक, १९६० सालचं व्हेनिसवरचं पुस्तक, यांच्या पहिल्या आवृत्त्यांवर जेम्स मॉरिस हे नाव आहे. ती पुस्तकं ग्रंथालयांत आहेत. १९७४ साली आपल्या बदलाविषयी तिनं स्वतःच पुस्तक लिहिलं. इथे वाचक हातात जुनं नाव घेऊन येतो. त्याला वाट दाखवणं हे ग्रंथपालाचं काम. आपल्या जुन्या कार्डांच्या पेट्या आठवा. 'शिरूरकर, विभावरी : पहा बेडेकर, मालती'. तसंच 'मॉरिस, जेम्स : पहा मॉरिस, जॅन'. नोंद जॅनच्या नावानं, आणि आत एक वाक्य, की अमुक सालापर्यंतची पुस्तकं जेम्स मॉरिस या नावानं प्रसिद्ध झाली. एकदाच. शीर्षकात नाही, फोटोखाली नाही.

शिरूरकर म्हटल्यावर थांबते जरा. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा ही विभावरी शिरूरकर कोण, याचा शोध घेण्यासाठी महाराष्ट्र कसा खवळला होता! शोधणाऱ्यांना बाळूताई खऱ्यांचा सत्कार करायचा नव्हता. नावाच्या मागे लागणारा प्रत्येकजण इतिहासाचा अभ्यासक नसतो, हे मराठी बाईला कुणी समजावून सांगायला नको.

तेव्हा माझी कसोटी साधी आहे. जुनं नाव हातात घेऊन वाचक येण्याची शक्यता आहे का? त्या नावानं पुस्तक, चित्र, तबकडी, गाजलेला खटला असं काही आहे का? असेल तर 'पहा' लिहा. नसेल तर त्या नावाचा उपयोग फक्त माग काढणाऱ्याला होणार. पोलिसांच्या यादीतलं नाव म्हणजे प्रसिद्धी नव्हे. राजपत्रातलंही नाही. नाव बदलताना राजपत्रात जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी छापून येतं, बँकेला आणि कचेरीला दाखवायला. ते 'जाहीर' आहे म्हणून कोशात घालायचं, हा युक्तिवाद मला पटत नाही. आपल्यापैकी अनेकींची घटस्फोटाची कागदपत्रंही न्यायालयात जाहीरच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या 'नालसा' निकालात आपलं लिंग स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्यात, त्यावर कितीही रास्त टीका झाली असली तरी, जन्मदाखल्यावरचं पहिलं नाव बदलण्याची तरतूद केली गेली. जन्मदाखला बदलू शकतो आणि चरित्रकोश बदलणार नाही, हा कोशाचा ताठा झाला.

आता थोडं आपल्याला टोचेल असं. इतिहासातल्या बायका शोधताना आपण अधाशी होतो. डॉ. जेम्स बॅरी हे ब्रिटिश सैन्यातले शल्यविशारद. १८२६ साली केपटाउनमध्ये त्यांनी पोट फाडून बाळंतपण केलं, आणि आई व मूल दोघंही वाचली. त्या काळात ही फार मोठी गोष्ट. सैन्याच्या इस्पितळांचे ते महानिरीक्षक झाले. १८६५ साली लंडनला वारले, योगायोगानं आपल्या आनंदीबाईंच्या जन्मवर्षी. देह आवरणाऱ्या बाईनं सांगितलं की हे शरीर स्त्रीचं आहे. तेव्हापासून अनेकांनी त्यांना पहिल्या स्त्री-डॉक्टर ठरवलं, आणि त्यात आपणही आहोत. डॉक्टर होण्यासाठी बाईनं घेतलेलं हे सोंग होतं असं आपण म्हणतो, कारण आपल्याला ती बाई हवी असते. आनंदीबाईंना काय सोसावं लागलं हे माहीत असल्यामुळे हा मोह मला समजतो. पण हा माणूस पन्नासच्या वर वर्षं याच नावानं जगला. वैद्यक सोडून घरी एकटा असतानाही तसाच जगला. सोंग इतकं लांबतं का? मला ठामपणे सांगता येणार नाही. जन्माचं नाव आता चर्चेत असल्यामुळे ते लपवण्यात अर्थ नाही, नोंदीच्या आत येऊ द्या. पण नोंद 'बॅरी, जेम्स' अशीच हवी, आणि 'खरे नाव' हे शब्द तिथेही नकोत. आपल्या यादीत एक पहिली कमी झाली तर होऊ दे.

भाषेबद्दल दोन गोष्टी. मराठीत क्रियापद लिंग सांगतं, त्यामुळे लिहिताना अडतं, अशी तक्रार सकाळी झाली. पण कोशाची मराठी या कामाला फार सोयीची आहे. 'यांचा जन्म सोलापूर येथे झाला', 'यांनी कायद्याचे शिक्षण घेतले', 'यांचे निधन झाले'. बघा, यात स्त्री-पुरुष कुठेच कळत नाही. जिथे कळतं, 'त्या वकील होत्या', तिथे आजचं लिंग लावा, बालपणापासून. 'लहानपणी तो हुशार होता, पुढे ती समाजसेविका झाली' असं लिहिलं की एका माणसाचे दोन तुकडे होतात.

दुसरी गोष्ट आडनाव नसण्याची. गुरूचं नाव लावणारी, किंवा एवढंच नाव सांगणारी कुणी आली की आपण पत्रक अपुरं म्हणून बाजूला ठेवतो. जनाबाईचं आडनाव काय? मुक्ताबाईला कोणत्या आडनावाखाली शोधता? संतांना चालतं ते इथेही चालेल.

जिच्याबद्दल लिहायचं ती हयात असेल तर तिला विचारा. आणि एकदा विचारून भागत नाही. छापायच्या आधी पान दाखवा, तिचं मत बदललं असेल तर ते माना. हयात नसेल तर जिच्याबरोबर ती जगली त्यांना विचारा. जन्मघराकडे शेवटी जा. जिला घरानं काढून दिलं, तिच्या मृत्यूनंतर तेच घर जुन्या नावानं तेराव्याची जाहिरात देतं. अशी जाहिरात आपला 'आधार' होऊ शकत नाही.

'अशानं इतिहास पुसला जाईल' असं एकीनं चहाच्या वेळी मला म्हटलं. तिचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. बायकांचा इतिहास पुसला गेला तो नावं न लिहिल्यामुळे, हे तिचं म्हणणं खरं आहे. पण तिथे काम पुसलं गेलं होतं, माणूसच पुसला गेला होता. इथे काम राहतं, माणूस राहतो, तिनं सांगितलेल्या नावासकट. अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी २०१३ पासून लेखकाच्या नावाच्या नोंदीत लिंगही लिहायला सुरुवात केली होती. ग्रंथपालांमधूनच त्याला विरोध झाला, आणि २०२२ च्या अहवालात ते लिहूच नये अशी शिफारस झाली. त्यामुळे एकही पुस्तक हरवलं नाही.

माझी सूचना अशी. तिसरा रकाना काढायचा नाही, प्रश्न बदलायचा. 'पूर्वीचे नाव' याऐवजी : 'आपली नोंद कोणत्या नावाने हवी? याशिवाय आणखी कोणती नावे छापावीत असे आपल्याला वाटते?' माहेरचं नाव द्यायचं असेल ती देईल. विवाहापूर्वीच्या नावानं कविता छापलेली असेल ती तेही देईल. आणि कोरा ठेवला तर तो कोराच राहील. नोंद तपासणाऱ्यांपैकी कुणीही, मीसुद्धा, तो भरायचा नाही. आधीच भरून आलेल्या पत्रकांचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच. ज्यांना पुन्हा विचारायला हवं त्यांची यादी तालुकावार करावी लागेल. ते काम कोण घेणार हे आज ठरवू या.

ते कात्रण मी पत्रकावरून काढलं आहे. फाडलेलं नाही. पाकिटात घालून आणलं आहे. बुधवारी मी आणि ती मैत्रीण, दोघी त्यांच्याकडे जाणार आहोत. पाकीट त्यांच्या हातात देऊ. लाल शाई मात्र पत्रकावर तशीच आहे, त्यामुळे सोबत एक कोरं पत्रकही नेतो आहोत.